न बसलेला आवाज

यिशुन, सिंगापूर
१ ऑक्टोबर २०१७

प्रिय श्रिया,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. सगळं ठीक आहे. परवाचा स्कॅन स्वच्छ आला. सर्जन बाईंनी माझ्या गळ्यात डोकावून 'व्हेरी नाइस' म्हटलं, जणू मी तिथे नवीन फरशी बसवून घेतली आहे. आई ठणठणीत आहे. काल दसरा झाला. तिने घरीच चक्का बांधून श्रीखंड केलं, आणि मला गिळायला सोपं जावं म्हणून माझ्या वाटीत जास्तच घातलं. इथल्या मराठी मंडळातल्या मुलांनी सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापून वाटली. आईने त्यातलं एक शेजारच्या लिम आंटींना दिलं. त्यांनी ते आपल्या दारावर लाल चिनी कागदाशेजारी चिकटवलंय. आता लिफ्टमधून बाहेर येणारा प्रत्येक जण ते बघतो आणि आंटी प्रत्येकाला आपल्या परीने दसरा समजावून सांगतात. त्या नेमकं काय सांगतात, देव जाणे. ऐकणारे मात्र खूश होऊन जातात.

आता तू म्हणशील, एवढंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आहे की. आहे खरं. पण आज मला घाईघाईने टाइप करायचं नाहीये. गेल्या दोन वर्षांत जे झालं ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. ते माझ्या बाजूने एकदा सलग सांगायचं आहे. त्यातलं काही तुझ्या देखत घडलं आणि तरी तुला दिसलं नसेल.

तो धुराचा सप्टेंबर तुला आठवत असेल. तू नुकतीच तुझ्या त्या थंड गावी पीएच.डी.ला गेली होतीस, आणि इथे सुमात्रातल्या आगींचा धूर येऊन बसला होता. समोरचा ब्लॉक दिसेना. सगळं सिंगापूर खोकत होतं, त्यामुळे माझा घसा बसला त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. तुआसला प्लांटमध्ये मी मास्क लावून पाइपांच्या जंगलात फिरत होतो आणि शनिवार-रविवारी नेहमीसारखा कुणाच्या ना कुणाच्या घरी पूजा सांगत होतो. मग प्रबोधने आंग मो किओला नवीन फ्लॅट घेतला. तुझ्या या बँकवाल्या काकाने आयुष्यात कधी सोवळं नेसलं नव्हतं. त्या दिवशी ते नेसून, पोटाशी घट्ट धरून तो पाटावर बसला होता. मी संकल्प सांगत होतो. देश झाला, काळ झाला, त्याचं गोत्र झालं, आणि एकदम माझ्या तोंडून नुसती हवा आली. शब्द नाही. प्रबोधला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणायचं असेल. त्याने मोठ्याने 'हो' म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो, पाणी प्यायलो आणि उरलेली पूजा खरखरत्या आवाजात उरकली.

धूर गेला आणि घसा तसाच राहिला, तेव्हा तपासण्या झाल्या. स्वरयंत्रावर गाठ निघाली. किरणोपचार झाले, आवाज बराचसा परत आला आणि जवळजवळ वर्षभर मला वाटत राहिलं की सुटलो. यंदाच्या जानेवारीत ती परत आली. सर्जन बाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, दोन नळ्या दाखवल्या, एक श्वासाची आणि एक अन्नाची. म्हणाल्या, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मग श्वास गळ्याखालच्या छिद्रातून घ्यायचा, आणि तोंड फक्त जेवणापुरतं. मी तीस वर्षं पाइपिंगचं काम केलेला माणूस. ते चित्र मला त्या खोलीत सगळ्यात चांगलं कळलं असेल. आणि मी 'नाही' म्हटलं.

तू विमानात बसून आलीस ती त्या 'नाही'मुळे. मी तुम्हाला कारण काय सांगितलं होतं ते मला आठवतं. देवाने दिलेली वस्तू देवाला परत करायची तर अख्खी करावी. फार भारदस्त वाटलं होतं मला ते वाक्य. आईने ऐकून घेतलं, पोळी तव्यावरून उतरवली आणि म्हणाली, "अहो, मी आवाजाशी लग्न नव्हतं केलं." एवढंच. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती. ऑफिसात मी एक साधा इंजिनिअर होतो. माझी निवृत्ती झाली असती तरी पाइपांना पत्ता लागला नसता. पण कुणाच्या घरी समई लागली, मी पहिला मंत्र म्हटला आणि गप्पा थांबल्या, की वाटायचं, हा मी. देवाशी माझी ओळख आहे ती या गळ्यातून. तो गळाच काढला तर त्याच्यापुढे बसणार कोण? त्याला मी ओळखू तरी येईन का?

तू आलीस तेव्हा चिनी नववर्षाचे लाल कंदील लागले होते आणि खाली संत्र्यांच्या पेट्या उतरत होत्या. मला वाटलं, ही आता रडेल, आकडे दाखवेल, पाय धरेल. तू बॅग ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबा, मी तुला समजवायला नाही आले. मला माझं चॅप्टर कुणाला तरी मराठीत सांगून बघायचंय. इंग्रजीत ते फार हुशार वाटतं, त्यामुळे कुठे फसलंय ते मला कळत नाही." मी कपाळाला हात लावला. तुझा विषय मी लोकांना नेहमी 'ग्रीक लोकांचं तत्त्वज्ञान' एवढाच सांगत आलो होतो, कारण 'स्टोइक मतातला जीव आणि ईश्वर' असं म्हटलं की लोक हमखास विचारायचे, मग पुढे नोकरी कसली?

पण आपण रोज सकाळी तळ्याकाठी चालायला लागलो आणि तू सांगायला लागलीस. मी ऐकलं, कारण बोलायला त्रास होत होता आणि ऐकायला होत नव्हता. तू म्हणालीस, या लोकांचा देव जगाबाहेर बसून जग चालवत नाही. सगळं विश्व हा एकच जिवंत देह आहे आणि त्याच्यात भिनलेला ऊबदार श्वास म्हणजे देव. तोच विश्वाचा विचारही. दगडात तो श्वास दगडाला नुसता धरून ठेवतो. झाडात तो वाढतो. पाखरात हिंडतो, बघतो. आणि माणसात विचार करतो. आपल्या आत जो 'हे खरं, हे खोटं, हे मला मान्य, हे नाही' असं म्हणतो, तो त्याचाच तुकडा. मी तुला मध्येच थांबवून म्हटलं, "अगं, हे आपल्याकडे कधीपासूनच आहे." तू असं काही पाहिलंस माझ्याकडे! "बाबा, घाई नको करू. सगळे असंच म्हणतात, आणि मग पुढचं कुणी ऐकतच नाही." आणि मग तू फरक सांगितलास. त्यांच्या मते आपल्यातला तो तुकडा कुठे खोल, शांत, नुसता साक्षी होऊन बसलेला नाही. तो रोज कामाला जुंपलेला आहे. सकाळी कूस बदलतो, चिडतो, ठरवतो, चुकतो, तोच तो. त्याला विरघळवून टाकायचं नाही, नीट राखायचं. माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्याला ते एकदम पटलं. मी तसं म्हटल्यावर तू हसलीस, पण लगेच फोन काढून 'मेंटेनन्स' असं लिहूनही घेतलंस.

आपलं भांडण झालं ते ब्लॉकखालच्या कोपीटियममध्ये, त्या चहा-कॉफीच्या दुकानात. मी आल्याचा चहा घेतला होता, तू कोपी. मी विचारलं, देव आपल्यातच असेल, आणि जे होतं ते त्याच्याच विचाराने होत असेल, तर त्याच्याकडे मागायचं काय? तू म्हणालीस, "मागायचं नाही. होकार द्यायचा." माझं डोकं फिरलं. जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा लावून मी ओरडलो, "कशाला होकार? या गाठीला?" शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. तुझे डोळे भरले. तू इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणालीस, "आय डोन्ट नो लाह, बाबा! गाठीला नाही. गाठ तुला विचारून आली नाही, तिला होकार लागतच नाही. तिच्याबद्दल तू जे म्हणतोस ना, की गळा गेला म्हणजे मी गेलो, त्याला तू होकार देऊन बसलायस. तो होकार तुझा आहे. तेवढाच तुझ्या हातात आहे. तो परत घे." आणि मग नाक पुसत, आपण भांडतच नव्हतो अशा थाटात, तू टेबलावर उतरलेल्या साळुंकीकडे बोट दाखवलंस. ती आपल्या बशीतला टोस्टचा चुरा पळवत होती. म्हणालीस, हिला शिकवलं तर हीसुद्धा बोलते. म्हणून तुझ्या त्या लोकांनी बोलण्याचे दोन प्रकार केले. एक ओठांतून बाहेर पडणारं आणि एक आतल्या आत चालणारं. पहिलं पाखरांनाही येतं. माणूस वेगळा झाला तो दुसऱ्यामुळे, आणि देवाशी त्याचं नातं असलंच तर तेही दुसऱ्यामुळेच.

त्या दिवशी मी तुला कबूल केलं नाही, पण वादात मी हरलोही नव्हतो. चांगला युक्तिवाद ऐकून कुणी आपला गळा कापून देत नाही. काय झालं ते तुझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी झालं, आणि तू तेव्हा आईबरोबर बाजारात होतीस. सकाळची पूजा राहिली होती. मी देवापुढे बसलो आणि घसा इतका दुखत होता की ठरवलं, आज ओठ हलवायचे नाहीत, मनातच म्हणू. डोळे मिटले. पहिला मंत्र सुरू केला आणि मी दचकलो. आत आवाज बसलेला नव्हता. खरखर नाही, धाप नाही. माझा स्वतःचा, धुराच्या आधीचा, प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवणारा आवाज. गेले कित्येक महिने मी बाहेरच्या मोडक्या आवाजाचंच दुःख करत होतो, आणि आत हा रोज अखंड चालू होता. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. स्नान, गंध, फूल, धूप, सगळं मी मनात केलं. इतकी सावकाश पूजा मी तोपर्यंत कधी केली नसेन. लोकांच्या घरी वेळेचं भान ठेवावं लागतं, प्रसादाला उशीर होतो म्हणून यजमान घड्याळ बघतात. इथे घाई करणारं कुणीच नव्हतं. मधेच मला वाटलं, हे म्हणतोय कोण आणि ऐकतोय कोण? दोघे वेगळे आहेत असं काही मला सांगता येईना. मी तिथेच बसून खूप रडलो, श्रिया. दुःखाने नाही. हरवली म्हणून घरभर शोधलेली वस्तू आपल्याच अंगावर सापडावी, तसं झालं.

तुम्ही पिशव्या घेऊन आलात तेव्हा मी सर्जन बाईंच्या क्लिनिकला फोन लावून बसलो होतो. तू परतीचं तिकीट पुढे ढकललंस. संमतीपत्रावर सही करताना तू खांद्यावरून वाकून हळूच म्हणालीस, "हाच तो शब्द, बाबा. होकार."

ऑपरेशननंतरचं तू बरंचसं बघितलंस. जे बघितलं नाहीस ते लिहितो, नाहीतर तुला वाटेल की मनात पूजा केली आणि बाबा साधू झाला. तू गेल्यावर पहिले दोन-तीन महिने फार वाईट गेले. जखम भरेना. किरणांनी भाजलेली कातडी लवकर धरत नाही म्हणे. गळ्याच्या छिद्रातून कफ यायचा, एमआरटीच्या गाडीत लोक सभ्यपणे दुसरीकडे बघायचे, आणि ते सभ्यपणच मला झोंबायचं. गळ्याला लावून बोलायचं एक बॅटरीचं यंत्र दिलं होतं. मी ते लावून 'सुलेखा' म्हटलं तर तुझ्या आईच्या हातून वाटी पडली. नंतर आम्ही दोघेही हसलो, पण ते यंत्र कपाटात गेलं ते गेलंच. आणि ज्या आतल्या आवाजाचं मला एवढं अप्रूप होतं, तो त्या दिवसांत काय काय बोलायचा! की आई कंटाळली आहे. की प्रबोध भेटायला येतो तो कर्तव्य म्हणून. की श्रिया सुटली एकदाची. अगदी माझ्याच स्वच्छ आवाजात, स्पष्ट उच्चारांत. तेव्हा मी तुला मेसेज केला होता, आतला आवाज देवाचा असतो म्हणालीस ते खोटं आहे. तुझं उत्तर मी अजून ठेवलंय. तू लिहिलंस की ते लोक असं म्हणतच नाहीत. तो तुकडा देवाचा आहे, पण राखायला आपल्याकडे दिलाय, आणि न राखलेली बाग कुणाचीही असली तरी तिच्यात तण माजतंच. दर वेळी आत काही बोलणं झालं की एवढंच विचार: हे खरं आहे, की मला नुसतं वाटतंय? म्हणून मी विचारायला लागलो. आई कंटाळली आहे का, हे मनाला न विचारता पाटीवर लिहून आईलाच विचारलं. ती म्हणाली, "हो, तुमच्या या तोंड पाडून बसण्याला कंटाळलेय. उठा, आणि मला पूजा शिकवा."

आईने एवढ्या वर्षांत माझ्या पूजेची तयारी केली, फुलं निवडली, वाती वळल्या, पण मंत्र म्हणून कधी म्हटला नव्हता. 'मला नाही येत' असं म्हणायची. आता ती पाटावर बसायची आणि मी समोर. ती वाचायची, मी ऐकायचो, आणि चुकली की मांडीवर बोट आपटायचो. ऱ्हस्व असेल तर एकदा, दीर्घ असेल तर बोट तसंच दाबून धरायचं. पहिल्या आठवड्यात मी इतकं आपटलं की तिने पोथी मिटून ठेवली आणि म्हणाली, "देवाला समजतंय, तुम्हालाच समजत नाहीये." पण दुसऱ्या दिवशी परत बसली. पावसाळी ढगांनी अंधारलेल्या दुपारी ती एकटीच स्वयंपाकघरात म्हणत असायची. मी बाहेरच्या खोलीत माझ्या आतल्या आवाजात तिच्याबरोबर म्हणायचो, आणि तिला ते माहीत नसायचं.

मग गणपती आले. प्रबोधने मला सरळ सांगितलं, "निशिकांत, यंदाही प्रतिष्ठापना तूच करणार, कशी ते तुझं तू बघ." मी पाटीवर लिहिलं, मंत्र सुलेखा म्हणेल. त्याच्याकडे सकाळी बरीच मंडळी जमली होती. शैलेंद्रकाका, मंडळातले सगळ्यात जुने, दारातच मला म्हणाले, "वहिनी करणार? म्हणजे, हरकत अशी नाही..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. आईने ऐकलं. तिचे हात गार पडले होते, मी हातात घेऊन पाहिले.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. प्राणप्रतिष्ठा करताना मूर्तीच्या छातीला उजवा हात लावायचा असतो, आणि मंत्राने तिच्यात श्वास आणायचा असतो. इतकी वर्षं हात माझा आणि आवाजही माझा होता. या वेळी हात मी लावला आणि मंत्र आईने म्हटले. पहिल्या ओळीला तिचा आवाज थरथरला, मग धरला गेला. माझी तीन बोटं ओल्यासारख्या गार लागणाऱ्या शाडूवर होती. माझ्या गळ्याच्या छिद्रातून श्वास आत-बाहेर होत होता, आणि तो मला ऐकू येत होता. त्या छिद्राची लाज वाटू लागल्यापासून पहिल्यांदाच मी तो आवाज लपवायचा प्रयत्न केला नाही. मला तुझ्या लोकांचा देव आठवला, जो दगडाला दगड म्हणून धरून ठेवतो. म्हणजे या मातीतही तो आधीपासून होताच, मातीला एकत्र धरून. आईच्या छातीत होता, माझ्या या भोकात होता, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये चपला सांभाळत, दारातून डोकावणाऱ्या प्रबोधच्या शेजाऱ्यांतही होता. आम्ही नवीन काही आणत नव्हतो. जे होतं त्याला हात लावून हो म्हणत होतो. तुझे ते स्टोइक मूर्तीपुढे असे बसले असते की नाही, मला माहीत नाही. आणि खरं सांगू? मी तुझ्या मताचा पुरता झालेलो नाही. मला अजून देवाला सोंड लागते, डोळे लागतात, त्याने माझ्याकडे बघावं असं वाटतं. नुसत्या विश्वाच्या विचारापुढे मला मोदक ठेवता येणार नाहीत. पण त्याने माझ्याकडे बघावं म्हणून मला आवाज लागतो, हे मात्र आता वाटत नाही.

आरती झाल्यावर शैलेंद्रकाका आईजवळ आले. जरा वेळ उगाच प्रसादाची वाटी फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे पुढच्या महिन्यात सत्यनारायण आहे. याल का?" आई म्हणाली, "हे बरोबर असतील तर येईन." त्यानंतर आम्ही तीन घरी जाऊन आलो. ती सांगते, मी शेजारी बसतो आणि बोट आपटतो. आता फार आपटावं लागत नाही.

आता मी हे सगळं आजच का लिहायला बसलो ते सांगतो. येत्या गुरुवारी माझ्या गळ्यात एक लहानशी झडप बसवणार आहेत. जखम आता तेवढी पक्की झाली आहे. छिद्रावर बोट ठेवून श्वास सोडला की तो झडपेतून घशात जाईल आणि मला बोलता येईल. थेरपिस्ट बाईंनी ज्यांना ती बसवली आहे त्यांचं बोलणं मला ऐकवलं. जाड, खालच्या पट्टीतला, स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा आवाज आहे तो. सगळ्यांचा जवळजवळ एकसारखा. मला तो चालेल. मी त्याच आवाजात आईला चहा मागेन, प्रबोधशी वाद घालेन, आणि गुरुवारी संध्याकाळी तुला फोन करेन. तू आनंदाने रडशील आणि तेव्हापासून तोच तुझ्या बाबाचा आवाज होईल. माणसाच्या कानाचं तसंच असतं, नवीन आवाज जुन्यावर बसतो. पण मागे तू एकदा सांगितलं होतंस की माझे मेसेज वाचताना ते तुला मी वाचून दाखवतोय असे, माझ्या जुन्या आवाजात ऐकू येतात. आणि देवनागरी तर तू अजूनही अक्षर अक्षर मनात म्हणतच वाचतेस. म्हणजे आत्ता, या ओळीपर्यंत, मी तुझ्याशी त्याच आवाजात बोलत आलो आहे. आपल्याकडे घरातल्या घरात कुणी आभार मानत नाही. मीही तुझे कधी मानले नाहीत, आणि त्या गळ्याने तर ते आता कधीच होणार नाही. म्हणून तो आवाज तुझ्या कानात अजून आहे तोवर, त्याच आवाजात, एकदाच आणि सावकाश म्हणतो, ऐक. श्रिया, तू आलीस. मला समजवायला न येता आलीस. माझ्याजवळ बसून मला माझ्यातच असलेलं ऐकायला शिकवलंस. बाळा, मी तुझा फार फार आभारी आहे.

तुझाच,
बाबा